तुमच्या हातात मी दिलेली पिशवी

सोजर मावशी,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. अकरा वर्षं जिची नजर चुकवत आले, तिला एकदम प्रिय म्हणायला माझं तोंड नाही. तरी लिहायला बसले, कारण काल शाळेमागच्या आडाचा गाळ काढला आणि त्यात घंटा सापडली.

आपली घंटा, मावशी. पितळेची. शाळेला शिपाई नव्हता, म्हणून खिचडी शिजवता शिजवता तुम्हीच उठून द्यायचात ती. गड्यांनी टोपलं वर ओढलं, चिखलावर पाणी मारलं आणि मी मटकन कठड्यावर बसले. लोकांना वाटलं, बाईंना ऊन लागलं. कोणीतरी तांब्या आणून दिला. मी पाणी प्यायले आणि गप्प राहिले. गप्प राहणं मला किती छान जमतं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत?

तुम्ही मागच्या आषाढात गेलात. दहा महिने आणखी थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

घंटेच्या भोकात कडीचा अर्धा तुकडा अजून अडकलेला होता, तो मी काढून घेतला. झिजून झिजून सुतळीएवढा झालेला. घंटा टांगलेली लिंबाची ती फांदी आडावर वाकलेली होती, आठवतं ना? "बाई, कडी झिजली हाय. एखांद्या दिशी लेकराच्या डोक्यात पडंल," असं तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं. मी म्हणाले, हो हो, सांगते हेडसरांना. सांगितलं नाही. मग एका रविवारी दुपारी वारं सुटलं, स्वयंपाकाच्या खोलीचा पत्रा उडून शेजारच्या रानात पडला, आणि सोमवारी लिंबाला घंटा नव्हती. दुसरं काही घडलंच नव्हतं हो. आडात तेव्हा पुरुषभर पाणी होतं. कोणी वाकून बघितलंही नाही. बघणार कसं? घंटा कुठे गेली, असं कोणी विचारलंच नाही. मी वर्गात पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं, "घंटा कोणी नेली?"

एकदा 'नेली' म्हटलं की माणूस शोधायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, मी कुलूप लावत असताना, सगळ्यात शेवटी तुम्ही निघाला होतात. आदल्याच आठवड्यात तुम्ही भंगारवाल्याला घरचं फुटकं पातेलं घातलेलं कोणीतरी बघितलं होतं. झालं, तेवढं पुरलं. खरं सांगू? सर शेवटी गेले असते, तर त्यांच्याबद्दल मी पोरांना विचारलं असतं का? नसतं विचारलं.

सर म्हणाले, "बाई, लेकरांना तुम्हीच विचारा. तुमचं ऐकतात."

ऐकतातच. पंचवीस वर्षं मी त्यांना ऐकायलाच तर शिकवलं. केंद्रप्रमुख तपासणीला आले की माझा वर्ग कसा एका सुरात उत्तरं द्यायचा, तुम्ही चुलीपाशी बसून हसायचात. "सूर्य पूर्वेला उगवतो ना रे?" "उगवतोऽऽ." "झाडं आपल्याला सावली देतात ना?" "देतातऽऽ." अर्धं उत्तर मीच प्रश्नात घालून द्यायचे आणि उरलेलं अर्धं माझ्या मानेकडे बघून लेकरं म्हणायची. साहेब खूश, मी खूश. याला मी शिकवणं समजत होते.

शनिवारी शाळा सुटल्यावरही मैदानात खेळत राहिलेल्या दोघांना त्या सोमवारी मी बाजूला घेतलं. अश्विनी आणि किरण, दोघं तिसरीतले. काय विचारलं, ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. "शनिवारी मावशी पिशवी घेऊन गेल्या, तेव्हा पिशवी जड होती का गं?"

पिशवी होती का, असं नाही विचारलं. जड होती का, असं विचारलं.

अश्विनी आधी गप्प बसली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "होय बाई." कोणत्या रंगाची? "लाल." किरण म्हणाला, "पांढरी हुती बाई, खताची." मी त्याला म्हणाले, "नीट आठव. लाल होती ना?" तो बिचारा लगेच म्हणाला, "लालच हुती." बुधवारपर्यंत त्या पिशवीत घंटा वाजायलाही लागली. मावशी वाकून चालत होत्या आणि आतून टण्ण आवाज आला, असं अश्विनी सगळ्यांना सांगत होती. मी ते कागदावर उतरवून घेतलं. 'आम्ही समक्ष पाहिले,' असं लिहिलं, माझ्या वळणदार अक्षरात. आठ वर्षांचं लेकरू 'समक्ष' म्हणतं का कधी?

मग शाळा समितीची बैठक. तुम्ही दारात चपला काढून उभ्या राहिलात. कागद वाचून झाला. तुम्ही रडला नाहीत, भांडला नाहीत. एवढंच म्हणालात, "माझ्या हातात पिशवी कुटली? एका काखंत नात हुती, दुसऱ्या हातात तिच्या दुधाचा तांब्या." आणि माझ्याकडे वळलात. "बाई, तुमी कुलूप लावीत हुता की दाराला. तुमीच सांगा."

मी सांगितलं, "पिशवी होती."

मावशी, मी खोटं बोलले नव्हते. आता याहून वाईट तुम्हाला काय सांगू? खोटं बोलले असते तर निदान कधीतरी कबूल करता आलं असतं. मला खरंच पिशवी दिसत होती. दोन दिवस तेच तेच विचारून, लिहून, वाचून ती माझ्याही डोळ्यांत जाऊन बसली होती. तुमची पाठमोरी आकृती, हिरवं लुगडं, आणि हातात लाल पिशवी. मग नात कुठे होती? मला दिसतच नाही. तुमच्या काखेत दोन वर्षांचं लेकरू होतं आणि मला ते आजही आठवत नाही. पिशवी मात्र बंदांसकट आठवते.

त्या दिवशी तुमच्याकडून स्वयंपाकाच्या खोलीची किल्ली घेतली. दुसऱ्या महिन्यात नवी बाई खिचडी शिजवायला आली. आणि त्या दिवाळीनंतर साठीला टेकलेल्या तुम्ही लेकासुनेबरोबर ऊसतोडीला गेलात, फडावर मोळ्या बांधायला.

एकदा केजच्या स्टँडवर समोरासमोर आलो होतो आपण. मी पर्समध्ये काहीतरी शोधायचं सोंग केलं. तुम्हीच जवळ आलात. "बाई, लेकरं बरी हायत का? पोटभर खात्यात का?" मी 'हो' म्हणून एस.टी.त चढले. ती माझी गाडीसुद्धा नव्हती. तेलगावची होती, पुढच्या फाट्यावर उतरून उन्हात उभी राहिले. तुम्ही मला शिव्या का नाही दिल्या? दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुमच्या दहाव्यालाही मी आले नाही. पाय दुखतात, असं सांगितलं.

काल घंटा सापडल्यावर अश्विनीला फोन केला. ती आता धारूरला कॉलेजात आहे. म्हटलं, घंटा आडात होती गं. ती म्हणाली, "असं कसं बाई? मी मावशीला लाल पिशवीतून नेताना बघितलंय की. आवाज पण आलता." गुणी पोर आहे ती, खोटं बोलत नाही. तुमच्यावरचा आळ मी एका चांगल्या पोरीच्या डोक्यात कायमचा कोरून ठेवलाय. ते कसं पुसायचं, मला कळत नाही.

आणि गाव? तुम्हाला वाटत असेल, घंटा निघाली, सुटलात. कुठलं काय! गड्यांनी घंटा धुऊन ठेवेपर्यंत एकानं म्हटलंसुद्धा, "म्हातारीनंच भेऊन आडात टाकली असंल." दुसरा म्हणाला, "व्हय, लाल पिशवीसकट." सगळे माना डोलवत होते. मी समोर कडीचा तुकडा मुठीत घेऊन नुसती बसलेली. सर म्हणाले, "कावून जुनं उकरायचं बाई? पुढच्या वर्षी रिटायर होताय. घंटा सापडली, बास झालं."

बास कसं झालं? तुमच्या सुनेनं, सुनीतानं, खिचडीच्या कामाला अर्ज केलाय. शुक्रवारी समिती बसणार आहे. 'त्या घरात किल्ली द्यायची का' ही कुजबुज कालपासूनच सुरू झाली. सुनीता शाळेत विचारायला आली होती, बरोबर तुमची नात. तेरा वर्षांची झाली, तुमच्यासारखीच उंच. तिनं ओसरीवर ठेवलेली घंटा बघितली, पण हात लावला नाही. हात मागं बांधून उभी राहिली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, आमच्या आजीनं नव्हती ना नेली?"

तिनंही उत्तर प्रश्नातच घालून दिलं होतं, मावशी. नुसतं 'नव्हती' म्हणायचं होतं. आणि मी, सगळ्या गावाला प्रश्न विचारणारी, तिला म्हणाले, शुक्रवारी ये बाळा, सगळ्यांसमोर सांगते. पुन्हा पुढे ढकललं. कडीचं ढकललं होतं तसंच.

पण या वेळी नाही ढकलणार. शुक्रवारी तो जुना कागद कपाटातून काढून मी स्वतः वाचणार आहे. मी काय विचारलं होतं, अश्विनी आधी कशी गप्प होती, किरण काय म्हणाला आणि मी त्याला काय म्हणायला लावलं, सगळं. कडी टेबलावर ठेवणार आहे. कोणीतरी विचारेलच, "पण बाई, तुम्ही तर डोळ्यांनी बघितलं होतं ना?" तेव्हा सांगेन की मला अजूनही पिशवीच दिसते. डोळे मिटले तरी दिसते. नात दिसत नाही, तांब्या दिसत नाही. तरी नात होती आणि तांब्या होता, कारण सोजर मावशींनी तसं सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांपेक्षा मी त्यांचा शब्द धरते.

हे त्या दिवशीच म्हणायला हवं होतं. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत, तेव्हा.

तुमची अपराधी,
मंगलबाई, तिसरीचा वर्ग