गुरुवारचा माझा तास

गुरुवार, ६ फेब्रुवारी
आजची कॉन्फरन्स म्हणजे शिसारी. पडद्यावर अमेरिकेतले कोणी गृहस्थ गुडघ्याच्या रोबोटविषयी बोलत होते. खालच्या वॉर्डात मोडलेला पाय ताणून धरायला, ट्रॅक्शनला, वजनं नाहीत म्हणून आम्ही पाण्याचे जेरीकॅन लटकवतो. रोबोट म्हणे!

रेसिडेंट टेबलाखाली फोन बघत होते. मी उठून विचारलं, पडद्यावरचा हा पेशंट चालतो कसा, ते कोणी पाहिलंय? न्याकाटो नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणाली, "मॅडम, चालवायचं कशाला? एमआरआय आहे ना." सगळे हसले. माझ्या वेळी एक्स-रे वाचताना जो चुकेल त्याने पुढच्या वेळी सर्वांना तळलेले गोड मंदाजी आणायचे. आता इम्प्लांट कंपनीचा माणूस चिकन आणतो. चुकणाऱ्यालाही तेच, न चुकणाऱ्यालाही तेच.

शेवटी किगोन्या जवळ आला. आता विभागप्रमुख आहे. ड्रिल कसं धरायचं ते याला मी शिकवलं. म्हणाला, "मॅडम, तुमचा गुरुवारचा तासही ऑनलाइन व्याख्यानांना द्यावा म्हणतोय. तुम्हाला जिन्याचा त्रास होतो."

मला जिन्याचा त्रास होत नाही. जिना चुकीचा बांधलाय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
किगोन्याला त्याच्या ऑफिसात गाठलं. निवृत्तीनंतर माझ्याकडे या हॉस्पिटलातला तेवढा एक तास उरलाय, तोही गेला तर सकाळी उठून स्कर्ट-ब्लाउज इस्त्री कोणासाठी करायचं, असं म्हणणार होते. म्हणाले नाही. म्हणाले, पेशंट दारातून आत येताना निम्मं निदान होतं आणि हे शिकवणारं माझ्यामागे कोणी नाही.

तो म्हणाला, "बरं. येत्या गुरुवारी दाखवा. मुलांना जमलं तर तास चालू ठेवू."

जमेल. न जमायला काय झालं?

रविवार, ९ फेब्रुवारी
चर्चमध्ये गुडघे टेकून उठताना भाची बिराबवाने हात दिला. मागितला नव्हता. घरी उकडलेल्या केळ्यांचे मटोके वाढताना पुन्हा तेच. "आत्या, एकदा खुबा दाखवून घे ना." मी सांगितलं, पाय आखडतो तो चर्चच्या बाकांमुळे.

"मग घरात छत्री टेकत का फिरतेस?"

उन्हासाठी.

"घरात?"

खिडक्या मोठ्या आहेत.

आगाऊ मुलगी. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत असती तर मदर कोलंबांनी तिचं तोंड साबणाने धुतलं असतं. डोक्यावर पुस्तक ठेवून ताठ कसं चालायचं, तेही मदर कोलंबांनीच शिकवलं. संध्याकाळी करून पाहिलं. पुस्तक दर वेळी उजवीकडे पडलं. बांधणीच वाकडी आहे. हल्ली पुस्तकंसुद्धा धड बांधत नाहीत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
पेशंट मिळाला. वास्वा. बाजारासमोर बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, चालवतो. लहानपणी डाव्या खुब्यात पू झाला होता, तेव्हापासून असा डुलत चालतो की आंधळ्यालाही निदान करता यावं. "फक्त चालायचं?" म्हणाला. "मॅडम, तुमच्यासाठी पळतो." पळू नकोस म्हटलं.

रेसिडेंटना निरोप धाडला: गुरुवारी साडेआठच्या ठोक्याला दारातून पेशंट येईल. नाव, वय सांगणार नाही. प्रश्न विचारायचे नाहीत. नुसतं बघायचं.

विजय निश्चित. पुढच्या महिन्यापासून दोन तास मागावेत का?

गुरुवार, १३ फेब्रुवारी, दुपार
लिहितेय तेही संतापाने.

लिफ्टजवळचं मागचं दार बंद होतं, म्हणून जिना चढून पुढच्या दाराने जावं लागलं. वास्वा माझ्या मागोमाग होता. साडेआठला आत शिरले. हॉलमध्ये सगळे फोन खिशात, सगळे डोळे दाराकडे. भरून आलं. पुढच्या खुर्चीत दाराकडे पाठ करून बसले, दम घेतला आणि म्हटलं, बोला. मागे वळून बघायची गरज नव्हती. वास्वाची चाल मला पाठ आहे.

न्याकाटो म्हणाली, "उजवा खुबा, मॅडम. उजव्या पायावर भार आला की धड त्याच बाजूला झुकतं."

मी म्हटलं, उजवा? नीट बघ.

"उजवाच, मॅडम."

मागचा एक म्हणाला, "उजवा पाय आखूडही झालाय. खूप जुनं दुखणं असणार." एकेकाला उभं करून विचारलं. सगळे उजवा! डावं-उजवं न कळणारे उद्या हातात करवत घेणार!

मग ओपोलोट उठला. तिसऱ्या वर्षाचा, वर्षभरात याच्या तोंडून शब्द ऐकला नव्हता. चाचरत म्हणाला, "छत्री डाव्या हातात आहे, मॅडम. म्हणजे दुखणं उजवीकडे. काठी घ्यायची लाज वाटते म्हणून छत्री."

मी ओरडले, कसली छत्री, मूर्खा?

 कोपऱ्यात बसलेल्या किगोन्याला जोराचा खोकला आला आणि तो बाहेर गेला. तेवढ्यात दारातून वास्वाचा आवाज. "माफ करा मॅडम, वॉचमनने खालीच अडवलं. म्हणतो, पेशंटची वेळ दुपारची."

म्हणजे पेशंट आलाच नव्हता! न आलेल्या पेशंटचं वर्णन करत होते, तेही एकमुखाने. एवढी संघटित थापेबाजी मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. आणि वर छत्री!

उद्या लेखी तक्रार.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
किगोन्याला म्हटलं, सगळ्या वर्गावर कारवाई झाली पाहिजे.

"थापा नव्हत्या, मॅडम," तो म्हणाला.

मग त्यांच्यासमोर पेशंट कुठे होता?

तो उठला, कोपऱ्यातली उंच खुर्ची आणून माझ्याजवळ ठेवली. "हिच्यात बसा. उठायला सोपी जाते." मग म्हणाला, "मुलं म्हणत होती, केवढं धाडस मॅडमचं. स्वतःच चालून दाखवलं."

मी न बसता बाहेर पडले. दाराबाहेर छत्री डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. जिन्यापर्यंतसुद्धा पोहोचता आलं नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी
केवळ किगोन्याचं तोंड बंद करायला एक्स-रे काढला. सांध्यात फट उरलेली नाही, हाडावर हाड. मशीन जुनाट आहे. फिल्म बदललीही असेल.

किगोन्या म्हणाला, "ठरल्याप्रमाणे मुलांना जमलं. तास चालू राहील. पण आधी ऑपरेशन."

म्हणजे मी जिंकले! ऑपरेशन काय, चार दिवसांची गोष्ट. तिसऱ्या दिवशी बिछान्यावरूनच शिकवायला लागेन. विषय तयार आहेत.

गुरुवार, ६ मार्च
तास झाला. ऑपरेशननंतर, वॉर्डातल्या माझ्या खाटेभोवती. एवढी हजेरी कधी नव्हती. शेजारच्या वॉर्डातले इंटर्नही आले होते. मी उशीला टेकून घसा साफ केला. किगोन्या म्हणाला, "मॅडम, तुम्ही विश्रांती घ्या. यापुढे हा तास ओपोलोट घेणार आहे."

ओपोलोटने कोणालाही फाइल उघडू दिली नाही. आधी बघा म्हणाला. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि विचारलं, "कधीपासून दुखत होतं, मॅडम?"

मी म्हटलं, दुखत नव्हतं.

तो नुसता थांबला. घाई नाही, खोकला नाही, फोन नाही. असं थांबणं कोणाला शिकवता येत नाही असं मी नेहमी म्हणायचे.

शेवटी मी म्हटलं, तू शाळेत होतास ना, तेव्हापासून.

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी लिहून घेतलं.