आणिबाई बोलली, गुरुजी

गुरुजी, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग मी रोज विरजण लावल्यासारखा ताजा ठेवलाय. माफ करायला बसलेली नाही, हे आधीच सांगते. फुशारकी मारायला बसले आहे. आणि या कागदावर मला वाटतील तेवढे 'आणि' मी लिहिणार आहे.

चौथीचा वर्ग. काल काय केलं ते सांग, असं तुम्ही विचारता. मी उठते. "काल आई शेण्या थापत होती आणि मी पाणी आणलं आणि वाटेत बकरी आडवी आली आणि..." तुमची छडी टेबलावर आपटते. "अगं, गाडीला ब्रेक आहे की नाही? धर कान." मी कान धरून उभी, आणि तुम्ही वर्गाला सांगता, "ही आपली आणिबाई." सगळी पोरं हसतात. तेही सोसलं असतं मी. पण बाजाराच्या दिवशी तुम्ही वडिलांना गाठलंत. "पोरीचं नुसतं तोंड चालतं, डोकं नाही. घरी ठेवा, निदान भाकरी तरी शिकेल." गुरुजींचा शब्द! दुसऱ्या दिवशी पाटी माळ्यावर गेली. त्यानंतर चार माणसांत मी तोंड उघडलं नाही. बँकेत हे बोलायचे, लेकीच्या लग्नाच्या बैठकीत हेच बोलायचे, मी आपली चहाचा ट्रे धरून. भाकरी मला आईनं शिकवली, तेही श्रेय तुमचं नाही.

तर मी लेकीकडे आयर्लंडला तीन महिन्यांसाठी आले आणि करोनामुळे विमानं बंद झाली. लेक हॉस्पिटलात डॉक्टर, सकाळी जाते ती अंधार पडल्यावर येते. स्वोर्ड्स नावाच्या गावातल्या या घरात दिवसभर मी आणि नात. पोर चौदा वर्षांची, मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत आणि तेही एका शब्दात. जेवलीस का? "ग्रँड." शाळा कशी चाललीय? "ग्रँड." इकडे 'बरंय' म्हणायला हाच शब्द. तुम्हाला फार आवडली असती. तिला आइसलँडचे बुटके घोडे बघायचेत, पण घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. मग ती लॅपटॉपवर तिथली भाषा शिकायला लागली. एकाच टेबलावर तिचा क्लास आणि माझी भाजी. ऐकून ऐकून मला त्यांचे वाक्यं जोडायचे शब्द आले. ऑग म्हणजे आणि, एन म्हणजे पण, अफ थ्वी म्हणजे कारण. बाकी भाषा काही आली नाही, सांधे तेवढे आले.

एक दिवस त्या क्लासच्या बाईंनी खेळ घेतला. काल काय केलं ते हे शब्द घालून न थांबता सांगायचं, थांबला तो बाद. बघा गुरुजी, ज्यासाठी तुम्ही मला शाळेतून उठवलंत, तोच तिथं धडा! नात दुसऱ्याच वाक्याला अडकली. मी पालक निवडता निवडता म्हटलं, "अगं, दूध फाटलं ते सांग की." बाईंनी विचारलं, कोण बोलतंय? नातीनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "गो ऑन, आजी. मी ट्रान्सलेट करते." चक्क मराठीत!

पडद्यावर अनोळखी गोरी तोंडं. मी पालकाची जुडी खाली ठेवली. पण एकदा सुरू झाले ते झालेच. "काल दूध तापवलं ऑग ते फाटलं, एन मी टाकलं नाही, अफ थ्वी आमच्यात दूध टाकत नाहीत, ऑग त्याचा कलाकंद केला, एन हिनं नाक मुरडलं, ऑग संध्याकाळी बघते तर डबा रिकामा, एन घरात तर आम्ही दोघीच..." नात हसून हसून इंग्रजी करत होती, स्वतःची चोरीसुद्धा. इतकी बोलताना मी तिला कधी पाहिली नव्हती. बाई दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागल्या, अजून सांगा म्हणाल्या. शेवटी मीच दमले. "आजी, यू वॉन!" जिंकले, गुरुजी. हाच बिनब्रेकाचा तोंडाचा पट्टा जिंकला.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही ते बरंच, तुम्ही लाल शाई काढली असती. एवढं एक मात्र तुम्हालाच सांगते. बोलताना मध्येच पडद्यावरच्या छोट्या चौकोनात मी मला दिसले, आणि माझा एक हात कानाला होता. नातीला वाटलं, आजीला ऐकू येत नाही. तिनं आवाज वाढवला. मी तिला तसंच वाटू दिलं.