मावशीच्या चेलोतून आलेला आवाज

तीर्थरूप मावशीस,

भाचीचा वाकून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? खोकला गेला का? मी ठीक आहे, म्हणजे जेवते, झोपते, फक्त कुणी मागून हाक मारली की दचकते. त्याला कारण तूच आहेस, पण तू घाबरू नकोस (घाबरण्याचं काम घरात मी एकटी पुरेसं करते). नीट सांगते.

नाटकाच्या संगीतासाठी तू मला चेलोवर एकेक सूर वाजवून दिला होतास. हळू, जोरात, पुन्हा हळू, आणि शेवटी तू वैतागलीस. ती सगळी कच्ची सॅम्पल्स, म्हणजे एका सुराची एक फाइल, मी कॉम्प्युटरवर घेतली. कच्च्या सॅम्पलचा स्वभाव गरीब असतो. तू वाजवलंस तेवढंच वाजतं आणि आपणहून संपतं. पण प्रत्येक सूर हाताने उचलून जागेवर ठेवावा लागतो, आणि दिग्दर्शकाने प्रसंग जरा लांबवला की सगळी मांडामांड पुन्हा. म्हणून मी त्या फाइलींचं एक तयार वाद्य बांधलं. यात सॉफ्टवेअरला आधीच सांगून ठेवायचं, की पेटीसारख्या कीबोर्डची कुठली पट्टी दाबली की कुठला सूर, हलकं दाबलं तर कुठला, आणि सूर धरून ठेवायचा असेल तर कुठल्या तुकड्यावर गोल फिरत राहायचं. मग बोट पट्टीवर आहे तोवर मावशी वाजवत राहणार. मला स्वतःचाच हेवा वाटला (तो त्या आठवड्यातला शेवटचा आनंद).

फक्त एक झालं. अगदी खालचे सूर तू वाजवलेच नव्हतेस, तोवर तू उठून चहा ठेवायला गेली होतीस. तेव्हा सॉफ्टवेअरने शेजारचा सूर घेतला, तो खाली ओढला आणि भागवून नेलं. घरच्या छोट्या स्पीकरवर मला त्यात वावगं काही ऐकू आलं नाही. शिवाय घरी मी पट्टी दाबून लगेच सोडत होते.

रंगीत तालमीत नायक मरतो तो प्रसंग आला. रंगमंचावर अंधार, प्रेतावर एकच निळा दिवा, आणि मी प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत एकटी. मी सगळ्यात खालची पट्टी दाबली. लिहिल्याप्रमाणे नायकाने दोन वाक्यांत मरायचं होतं, पण हा गृहस्थ एकदा मरायला लागला की त्याला घाई नसते. तो खोकला, उठला, पुन्हा पडला. मी सूर धरून ठेवला. तो एकदाचा निपचित झाला, आणि त्या शांततेत मोठ्या स्पीकरांतून विहिरीच्या तळातून यावा तसा, ना बाईचा ना पुरुषाचा, एक आवाज आला, "अजून... किती?"

मग पुन्हा तेच. मग पुन्हा.

मावशी, मी तुला ओळखलं नाही. तुला ठाऊकच आहे, घाबरले की हातात असेल ते मी आवळून धरते (दाताच्या डॉक्टरांनी माझ्यासाठी खुर्चीचा दांडा बदलून घेतला). हातात होती ती पट्टी. मी जितकी घाबरत होते तितकी ती दाबत होते, आणि जितकी दाबत होते तितका आवाज विचारत होता. प्रेत उठलं आणि मोज्यांनिशी रस्त्यावर गेलं. पडदेवाला पडद्यात गुंडाळला गेला. मला वाटलं, हे आता थांबणारच नाही, आणि याला उत्तर मीच द्यायचं आहे.

शेवटी लाइटवाला शिडीवरून उतरून माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "ताई, बोट उचला."

मी उचललं. सगळं थांबलं.

नंतर कळलं ते असं, की त्या शेजारच्या सुराच्या शेवटी तू वैतागून पुटपुटली होतीस, गोल फिरायचा तुकडा मी नेमका तिथेच बांधला होता, आणि सुराबरोबर तुझा आवाजही खाली ओढला गेला होता. दिग्दर्शकाने विचारलं, "हा आवाज कोणाचा?" म्हटलं, माझ्या मावशीचा. त्याने खाली बघत हळूच विचारलं, "कधी गेल्या?"

असो. मी आता कच्च्या सॅम्पल्सकडे परतले आहे, काम छान चाललं आहे, काळजी नसावी. काकांना नमस्कार सांग.

तुझी,
भाची

ता. क. काम छान चाललेलं नाही. दिग्दर्शक म्हणाला, ते यंत्र पुन्हा काय बोलेल नेम नाही, जिवंत आहेत तर मावशींनाच वाजवायला आण. नाही म्हणायची मला भीती वाटली. शनिवारी पहिला प्रयोग आहे.

ता. क. आणखी एक. तू लोकांसमोर वाजवणं का सोडलंस ते मला कळतं. माझ्या एकटीसमोरसुद्धा तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस, आणि सूर संपला की तुझा खांदा थरथरत होता. पण सूर चालू असताना तो थरथरत नव्हता, मावशी. ते मी नीट पाहिलं. तुला विंगेत, पडद्याआड बसवायचं मी कबूल करून घेतलं आहे. कोणाला दिसणार नाहीस. मी शेजारी बसेन.

ता. क. शेवटचा. हे पत्र आणणारा तो लाइटवालाच. गाडी खाली उभी आहे, मागच्या सीटवर चेलो आडवा मावतो. तो विचारत होता, मावशी नाही म्हणाल्या तर काय करू? मी सांगितलं, काही करू नका, नुसते बसून राहा. समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणायची आमच्या घरात सगळ्यांनाच भीती वाटते.