उजेडाचा दहावा हिस्सा

८ नोव्हेंबर
माझ्या हातची कामं लिहून ठेवतो. काचेची तार कापायची सुरी – घड्याळाच्या स्प्रिंगपासून. सांध्यांची पेटी. आणि आमच्या नारीन शहराच्या मुख्य केबलवरचा फाटा – लोकांचं बोलणं वाहून नेणाऱ्या उजेडाचा दहावा हिस्सा काढून सरकारच्या बंद खोलीत नेणारा! कॉलेजचं तोंड न पाहता. माझ्या पडद्यावर दिसतं ते कुठल्या घरातून कुठल्या शहराकडे किती वाहतं, एवढंच. काय वाहतं ते खोलीतला मेलिस ऐकतो. मी नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
एलामानचा फोन नाही. मॉस्कोला बांधकामावर गेल्यापासून पोराचा रविवार चुकला नव्हता. बायको, उमसुनाई, म्हणाली, "दमला असेल हो, झोपू दे त्याला."

११ नोव्हेंबर
विचित्र! सकाळपासून आमच्या गल्लीचा आलेख उभा चढलाय. सगळी घरं मॉस्कोशी बोलताहेत. फक्त आमचं सपाट. सांधे पुन्हा तपासले. चोख आहेत.
मेलिसला विचारलं, "काय रे, कुणाचं लग्न ठरलं की काय?"
एरवी टोमणा ठरलेला – "उस्ताद, नळ तुमचा, पाणी आमचं!" आज हेडफोन काढून उभाच राहिला. "चहा घेता का, काका?"
काका! मला!

१२ नोव्हेंबर
पावाच्या दुकानात शिरलो, बोलणं थांबलं. बाईनं दोन्ही हातांनी पाव दिला, पैसे घेईना. फाटा मी काढला हे कळलेलं दिसतंय. वाळीत टाकताहेत!
ऑफिसात साहेब म्हणाले, "उस्ताद, घरी जा. बायकोजवळ बसा."
"माझ्यावर नजर ठेवलीय का?"
त्यांनी खुंटीवरचा माझा कोट काढून हातात दिला.
परतताना घराघरांत फोनचे उजेड. मी जवळ गेलो की एकेक विझायचा.

१३ नोव्हेंबर
सकाळी अंगणात सातिंदी आजोबा. मागे गल्लीतले सगळे म्हातारे, पांढऱ्या टोप्या घालून. मी भांडायच्या तयारीनं बाहेर आलो.
"उस्ताद, वरच्या कुरणावर गेलेलं तुझं शिंगरू आता खाली यायचं नाही रे."
उमसुनाईच्या हातून वाटी पडली. तिला माझ्याआधी समजलं.
आपल्यात अशी बातमी एकट्या बापाच्या तोंडावर कुणी सांगत नाही. म्हातारे जमेपर्यंत सगळे तोंड शिवून बसतात. मीही बसलोय असा, दुसऱ्यांच्या वेळी. तरी सुचलं नाही!

१४ नोव्हेंबर
मेलिस आला. रडत होता. "काका, पहिल्यांदा मी ऐकलं. एलामान परांचीवरून पडला. तुमच्याच तारेवर ऐकलं."
मागच्या महिन्यात साहेबांनी मला त्याच्या शेजारची खुर्ची देऊ केली होती. नुसतं बसून ऐकायचं. मी म्हटलं, लोकांच्या घराला कान लावणार नाही.
पगार महिना नव्वद हजार सोम. एलामान मॉस्कोहून पाठवायचा त्याच्या दुप्पट.