बंद वेळेतली गाडी

डिचोली,
मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५

प्रिय विशाल,

सप्रेम नमस्कार. ‘प्रभूमध्ये सलाम’ असं लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे गेला नाही.

तुम्ही सगळे बरे असाल. मुलगा आता दहावीला असेल ना? तुझा पत्ता दोडामार्गच्या बाजारात तुझा चुलतभाऊ भेटला त्याच्याकडून घेतला. तू काजूच्या भट्टीवर कामाला जातोस असं तो म्हणाला. इथलं सांगायचं तर माझे गुडघे गेले आहेत. पद्मावतीला, तुझ्या मामीला, जाऊन सहा वर्षं झाली. आपली रविवारच्या प्रार्थनेची मंडळी आता बाजारामागच्या हॉलात भरते, माणसंही बरीच वाढली आहेत. तू असताना आपण अकराजण होतो, चटईवर बसायचो. खनिजाचे ट्रक आमच्या बाजूला पुन्हा दिसू लागले आहेत. गेल्या महिन्यात मंडळीने मला वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारा जाणता, म्हणून नेमायचं ठरवलं. पाळक उभे राहून म्हणाले, “कृष्णनाथमामांनी एवढी वर्षं खाणीच्या गेटवर काढली, पण कोणाचा एक रुपया घेतला नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाळक खोटं बोलले नाहीत. रुपया मी खरंच घेतला नाही. त्याच एका गोष्टीवर मी इतकी वर्षं पाय पसरून झोपलो.

हे पत्र मी चार दिवस लिहितोय. दरवेळी गुडघे आणि मंडळीपर्यंत येतो आणि पेन ठेवतो. आज ठेवणार नाही.

तुला आठवत असेल, दुपारी साडेबारा ते दोन ट्रकांना रस्ता बंद असायचा. त्या वेळात शाळा सुटतात म्हणून. गाडी गेटबाहेर काढायची नाही, आणि आधीच रस्त्यावर असेल तर बाजूला लावून थांबायचं. गेटवर बसून मी प्रत्येक गाडीची वेळ वहीत लिहायचो. मी बाप्तिस्मा घेतल्यावर पहिली सात-आठ वर्षं एक मिनिटसुद्धा इकडचं तिकडे केलं नाही. होय ते होय, नाही ते नाही, ही प्रभूची आज्ञा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती. ड्रायव्हर चिडवायचे, “पाद्री आयलो रे, घड्याळ लपयात!” मी गेलो की चहाच्या टपरीवरचं बोलणं थांबायचं. मला ते फार लागायचं, विशाल. छळ झाला असता तर मी सोसला असता. हसणं सोसलं नाही.

मग एक दिवस सखाराम नावाचा ड्रायव्हर आला. दोन वाजायला दहा मिनिटं होती. बायको बाळंतपणाला नेली आहे, ही एक खेप टाकून मला दवाखान्यात पोचायचंय, म्हणाला. मी त्याला सोडला आणि वहीत दोन लिहिले. मनात म्हटलं, ही दया आहे. त्या रात्री प्रार्थनाही केली, आणि गंमत म्हणजे मला शांती वाटली. दुसऱ्या दिवशी टपरीवर माझ्यासाठी बाक सरकवला गेला. कोणीतरी गरम उंडो आणि भाजी पुढे केली. “मामा आमचो मनीस,” म्हणाले.

एवढ्यावर मी विकलो गेलो. पावाच्या एका उंड्यावर.

दहा मिनिटांची वीस झाली, विसाचा अर्धा तास. शेवटी शेवटी ठरावीक चार गाड्या भर बंद वेळेत बाहेर जायच्या आणि मी त्यांच्यासमोर दोन-पाच, दोन-सात असं सुबक अक्षरात आधीच लिहून ठेवायचो. कारण विचारायचं मी सोडून दिलं होतं. आणि दर रविवारी मुलांना बायबल शिकवायचो. खरं बोलण्यावरचा धडा माझा विशेष चांगला व्हायचा.

तू मंडळीत आलास तो याच काळात. माझ्याच हाताला धरून आलास. तू एकदा विचारलंस, “मामा, बाकीचे ड्रायव्हर बंद टायमात तशेच जातत. मी काय करू?” मी तुला काय सांगितलं ते तुला आठवत असेल. म्हटलं, दुसरे काय करतात ते बघू नकोस, साडेबारा वाजले की गाडी बाजूला लाव. ते सांगताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

आता तो दिवस. १८ जानेवारी २०११.

तुझी गाडी बारा-दहाला गेटबाहेर गेली. ते मी खरं लिहिलं. साडेबाराला तू कोपऱ्यावरच्या काजूखाली गाडी लावून डबा उघडलास. तू पोलिसांना सांगितलंस, कोर्टात सांगितलंस, मला तर किती वेळा सांगितलंस: “मी गाडी बाजूक लावन जेवत होतंय, मामा.” मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कारण बारा वाजून पन्नास मिनिटांनी परेश गाडी घेऊन गेला होता. तुमच्या ट्रकमालकाचा भाचा. त्याच रंगाची, मालकाच्या नावाचा तोच बोर्ड असलेली दुसरी गाडी. त्याच्याकडे जड गाडीचं लायसन्स नव्हतं हेही मला ठाऊक होतं. मी वहीत दोन-पाच लिहिले आणि फाटक उघडलं. एक वाजून दहा मिनिटांनी नार्वेची शांता, मुलीला शाळेतून आणायला निघालेली, त्या गाडीखाली आली. गाडी थांबली नाही. पाहणाऱ्याने फक्त रंग आणि बोर्ड पाहिला.

पोलीस वही घेऊन गेले. वहीप्रमाणे त्या वेळी रस्त्यावर त्या मालकाची एकच गाडी होती. तुझी.

विशाल, बंद वेळेत गाडी पळवणारा सुटला, कारण मी त्याला कागदावर गेटच्या आत ठेवला होता. आणि नियम पाळून थांबलेला तू अडकलास, कारण मी सांगितलेलं तू ऐकलंस.

संध्याकाळी परेश घरी आला होता. चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं, आता पैसे काढील, आणि मी ते फेकून देण्याची तयारीही केली. त्याने तसलं काही केलं नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला, “मामा, तुमी बरयलां तेंच आसूं दी.” वहीत लिहिलंय तेच राहू दे, बस. नवीन खोटं बोलायचीही गरज नव्हती. जुनंच पुरेसं होतं.

पद्मावती आत भाकऱ्या भाजत होती. तिने विचारलं, “तो पोरगा कशाला आलेला?” मी म्हटलं, रजेचं विचारायला. ती मरेपर्यंत मी तिला दुसरं उत्तर दिलं नाही.

कोर्टात तुझ्या वकिलाने मला विचारलं, ही नोंद खरी आहे का? मी म्हणालो, होय. तू पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होतास. रागाने नव्हे. आपला माणूस बोलतोय म्हणून, आशेने.

तुझी तेजस्विनी लहानग्याला कडेवर घेऊन मंडळीच्या दारात मला म्हणाली होती, “मामा, तुम्ही गेटवर होतात. काहीतरी बोला ना.” मी तिच्या घरी दहा किलो तांदूळ नेऊन टाकले आणि डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली. तुरुंगात तुला भेटायला आलो आणि म्हणालो, देव आपल्या प्रियजनांची परीक्षा घेतो. तू रडलास. माझे हात धरून माझे आभार मानलेस. ते आठवलं की मला माझ्या हातांची किळस येते. भात कालवताना येते, बायबलचं पान उलटताना येते. अकरा महिन्यांनी तू सुटून आलास आणि मंडळीत यायचं बंद केलंस. “देव तुमचो आसा मामा, माझो नाय,” असं म्हणालास. त्यावरही मी लोकांना सांगितलं, विशाल विश्वासात कच्चा निघाला.

आता हे सगळं आज का लिहितोय ते सांगतो. पश्चात्ताप माझा माझ्यात उगवला असं समजू नकोस.

३ ऑगस्टच्या रविवारी एक मुलगी मंडळीत आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभी राहिली. तेवीस वर्षांची, औषधांच्या दुकानात काम करते, मैत्रिणीबरोबर दोन-तीन महिने येत होती. तिने आपलं नाव सांगितलं, सिद्धी, नार्वेची. म्हणाली, मी नऊ वर्षांची असताना शाळा सुटली आणि आई न्यायला आली नाही. मी तीन वाजेपर्यंत शाळेच्या पायरीवर बसले होते. मग म्हणाली, “ज्या ड्रायव्हरने माझ्या आईला मारलं त्याचं नाव विशाल. आज मी त्याला माफ केलं. त्याच्यासाठी प्रार्थना करा.”

आणि पाळकांनी प्रार्थना करायला मला पुढे बोलावलं.

मी हॉलामागच्या गटारावर जाऊन ओकलो. बायका धावत आल्या. कोणी सरबत आणलं, कोणी पाठ चोळली. “म्हाताऱ्याचं काळीज किती मऊ,” असं कोणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी पाळकांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, “मामा, चौदा वर्षं झाली. शिक्षा भोगून झाली. घाई नको. मंडळीचं नाव खराब होईल, वडीलपद थोडं पुढे ढकलू, आपण आधी प्रार्थना करू.” वाईट माणूस नाही तो, विशाल. आवाजात मायाच होती. सखारामला सोडताना माझ्या मनात जी माया होती, अगदी तसलीच. मी म्हटलं, पाळक, या एका बाबतीत आता मी प्रार्थना करणार नाही, चालत जाणार.

सिद्धीच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो आणि उभ्यानेच सांगितलं. तिने काउंटरवरच्या गोळ्यांच्या पट्ट्या एकावर एक रचल्या, परत विस्कटल्या. मग म्हणाली, “म्हणजे चौदा वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्याशाप दिले. आणि रविवारी चुकीच्या माणसाला माफ केलं.”

मी तिथेच उभा राहिलो.

“तुम्हाला मी माफ करीन अशी वाट बघत उभे आहात का?”

“नाही.”

“मग जा. आणि कोर्टात मला बोलवतील तिथे मी येईन. तुमच्यासाठी नव्हे. त्या ड्रायव्हरसाठी.”

तेव्हापासून मी म्हापशाच्या वकिलाकडे दोन खेपा घातल्या. जे घडलं ते सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून सही केली आहे. त्याची प्रत या पत्रासोबत आहे. वकील म्हणाला, खोट्या साक्षीसाठी तुमच्यावर खटला होऊ शकतो. होऊ दे. वडीलपदाला मी लेखी नकार दिला आणि कारणही लिहिलं. गेल्या रविवारी पाळकांनी ते वाचायचं टाळलं, म्हणून मी उठून वाचलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर पडताना माझ्या वाटेतून लोक बाजूला झाले. परेश आता पेडण्यात राहतो, स्वतःच्या सहा गाड्या आहेत. त्याचा फोन आला होता. “मामा, म्हातारपणात कित्याक ही उठाठेव?” मी म्हटलं, तू पण ये आणि सांग. त्याने फोन ठेवला.

वकील म्हणतो, परेशविरुद्ध आता काय टिकेल ते सांगता येत नाही. पण तुझ्या नावावरचा डाग पुसण्यासाठी वरच्या कोर्टात जाता येईल. त्यासाठी अर्ज तुझा लागेल, सही तुझी. वकिलाचा पत्ता आणि नंबर प्रतिज्ञापत्राच्या मागे लिहिला आहे. माझ्याशी बोलायची गरज पडणार नाही, तशी व्यवस्था मी केली आहे. तू नाही म्हणालास तर तोही तुझा अधिकार आहे. तुझं लायसन्स, ते अकरा महिने, मुलाचं रांगणं आणि तुझा देव, यातलं काहीच त्या अर्जाने परत येणार नाही, हे मला कळतं.

एकच विनंती. हे पत्र तेजस्विनीला वाचून दाखव. तिने मला विचारलं होतं. तिला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

‘तुझा मामा’ असं लिहायचा हक्क मी त्या कोर्टातच गमावला. म्हणून जे आहे तेच लिहितो.

तुझ्याविरुद्ध खोटी साक्ष दिलेला,
कृष्णनाथ