तांदळाच्या भाकरीवरून

मी, मिलका अब्राहाम झिराडकर, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार हिंगोली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. संतापलेलं आहे, पण वकील म्हणतात त्याने दस्ताला बाध येत नाही.

१. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. नवरा रेल्वेत होता म्हणून इकडे आलो आणि इकडचेच झालो. गावात आमच्यातलं दुसरं घर नाही. पेसाहच्या सणात आम्ही खमीर आणि गव्हाचं पीठ वर्ज्य करतो, तांदळाची भाकरी खातो. त्याचं जातं वेगळं आहे. त्याला गहू-ज्वारी कधी शिवलेली नाही. दरवर्षी शेजारच्या पंचफुलाबाई हात धुऊन माझ्यासमोर दळायला बसतात. ते जातं त्यांना द्यावं.

२. मुलगी रीना ठाण्याला असते आणि सणातही पाव खाते. मला पटत नाही. पण ती माझ्या ताटात नाक खुपसत नाही. दागिने तिचे.

३. मुलगा एलायझा इस्राएलला गेला. तिथे सासुरवाडीचं बघून तांदूळ-डाळही वर्ज्य करतो. करावं; मी त्याच्यासाठी बटाटे उकडले होते. तरी या सणाला त्याने माझ्या भाकऱ्या टोपल्यासकट शेळ्यांपुढे टाकल्या.

"आई, हे काहून करून राहिली? तांदूळ चालत न्हाई."

"तुझ्या बापानं जन्मभर हेच खाल्लं."

"बाबाला काय कळत व्हतं?"

भुकेल्याने यावं, जेवावं, असं आम्ही सणाच्या पहिल्या रात्री मोठ्याने म्हणतो. त्यानेही म्हटलं. तेवढ्यात पंचफुलाबाई आल्या, तर यानेच त्यांना उंबऱ्यावर अडवलं. "मावशी, आत येऊ नका. हाताला गव्हाचं पीठ आसंल." त्या "बराबर हाय, लेकरा" म्हणून परत गेल्या. मी दवाखान्यात ड्युटीवर असताना त्याच हातांनी त्याला भरवलं होतं. हे मी मेल्यावरही माफ करणार नाही, म्हणून पुढची सोय.

४. घर निम्मं रीनाचं, निम्मं एलायझाचं. त्याच्या हिश्शाला एक अट आहे. दफनानंतर सुतकातल्या माणसाने पहिलं जेवण घरचं खायचं नसतं, ते शेजाऱ्यांनी आणायचं, हा आपला रिवाज. तो रिवाजाचा पक्का आहे, त्याने हाही पाळावा. जेवण पंचफुलाबाई आणतील. पेसाह असेल तर तांदूळ आणणार नाहीत, बटाटे आणतील. त्यांना आत, माझ्या स्वयंपाकघरात बसवून त्याने ते खावं. उपाशी उठला, तर त्याचा हिस्सा त्यांचा.

५. अंमलबजावणी रीनाने करावी.

साक्षीला पंचफुलाबाईंनाच बोलावलं होतं. त्यांना जातं मिळणार म्हणून वकिलांनी नको म्हटलं. सगळं वाचून दाखवल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मिलकाबाई, बटाट्यात मीठ घालू, का त्याला त्येबी चालत न्हाई?"

मी म्हटलं, घाला.

मिलका अब्राहाम झिराडकर (सही)

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
शिवहार मसाजी घुगे (सही)
डॉ. रागिणी सुदाम मगर (सही)

हिंगोली, २८ एप्रिल २०२५