कंसातल्यांचा कट

३ जून
आजपासून शाळांनी हाकललेल्या मुलांना गणित शिकवणार. शिकवणी केंद्र चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, सर, पोरं आधीच दुखावलेली आहेत, जरा हळू घ्या. उभं आयुष्य व्यासपीठं गाजवली. हळू मला येत नाही. संकल्प: महिन्याभरात एकेकाला ताठ उभं करायचं.

५ जून
कंस शिकवला. वर्ग पेंगत होता, म्हणून आवाज चढवला. टेबलावर मूठ आपटून सांगितलं, कंसाच्या दाराशी वजा दबा धरून बसला तरी आतल्यांनी आपलं चिन्ह बदलायचं नाही! कंस फुटेल, माणूस फुटणार नाही! टाळ्या. मागच्या बाकावरच्या हूडीवालीने तर उभं राहून वाजवल्या. बायकोला सांगितलं. म्हणाली, गणिताला टाळ्या? अहो, काहीतरी चुकलं असेल, बघा जरा. मत्सर.

१० जून
चाचणी. दहा वजा, कंसात तीन अधिक दोन. बाईंनी दिलेल्या उत्तरांवरून पेपर तपासले. (मी स्वतः सोडवत बसत नाही. सेनापतीने खंदक खणायचे नसतात.) बरोबर उत्तर पाच. वर्गाचं उत्तर नऊ. सगळ्यांचं! बरोबर उत्तरावर एकमत होईल एक वेळ. चुकीच्या उत्तरावर होतं ते कॉपी करूनच.

११ जून
बाकं लांब लांब केली. खिडक्यांना कागद. मोबाइल बादलीत. नवे आकडे: वीस वजा, कंसात आठ अधिक चार. हवं होतं आठ. सगळ्यांचं सोळा. एकजण दोनदा खोकला. आठ दुणे सोळा! नोंद घेतली आहे.

१२ जून
सूत्रधार सापडली. हूडीवाली. गणित करताना ओठ हलवते आणि हळूच बाकावर मूठ आपटते. इशारा! जाब विचारला. म्हणाली, सर, कॉपीचोर म्हणून दोन शाळांनी काढलंय मला. नर्सिंगला जायला एवढं गणितच राहिलंय. तुम्ही पण शिक्का मारलात तर संपलं. आईशप्पथ, मी माझं माझं केलंय. रडली. रडण्याने मी फसत नाही. सभेत मी स्वतःच लोकांना रडवतो. तक्रार दिली.

१४ जून
चौकशी. बाईंनी हूडीवालीला एकटीला फळ्यापाशी उभं केलं. म्हणाल्या, कसं सोडवलंस ते दाखव, बाळा. तिने टेबलावर मूठ आपटली आणि माझं भाषण सुरू केलं. शब्दन् शब्द. मी मध्ये पाणी पितो, तिथे थांबलीसुद्धा. माणूस फुटणार नाही, असं गरजली आणि फळ्यावर लिहिलं: दहा वजा तीन, अधिक दोन. नऊ.
मी म्हणालो, उच्चार स्वच्छ आहेत. बाई म्हणाल्या, सर, बाहेर वजा असला की चिन्ह बदलतं. मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. हूडीवाली म्हणाली, म्हणजे सर, कॉपी केली ती तुमचीच ना?
तक्रार बाईंनी फाडली. माझ्यासमोर.

१७ जून
कंस आता बाई शिकवतात. मला म्हणाल्या, थोडे दिवस मागे बसा. निरीक्षक म्हणून, हे उघड आहे. जागा हूडीवालीच्या शेजारी. तिची परीक्षा पुढच्या आठवड्यात. मान वर करत नाही.
बाईंनी फळ्यावर गणित घातलं. मीही केलं. मग केवळ तपासणीच्या हेतूने तिचं उत्तर बघायला किंचित वाकलो.
तिने हाताने वही झाकली. म्हणाली, सर, आपलं आपण करा.